खोताची पायली

पायलीला शेतात कुणी पाहिलेलं नाही. उन्हाळ्यात राब भाजतात तेव्हा ती नसते, मृगाच्या तोंडावर पेरा होतो तेव्हा नसते, आषाढात गुडघाभर चिखलात लावणी चाललेली असते तेव्हा तर नाहीच नाही. भात पोटरीत येतं, पसवतं, रानडुकरं येऊन एखादं खाचर लोळवून जातात, दिवाळीच्या आगेमागे कापणी होते. भारे डोक्यावरून खळ्यात येतात, झोडणी होते, सुपानं वारं देऊन फोल उडवतात आणि खळ्याच्या मधोमध पिवळीधमक रास पडते. मग बाई येतात. कुणाच्या तरी काखेतून येतात आणि आल्या आल्या राशीच्या माथ्यावर बसतात. वर्षभर राबलेली माणसं बाजूला उकिडवी बसलेली असतात आणि सगळ्यांचे डोळे बाईंवर.

महाडहून सावित्रीच्या अंगाअंगानं खाडीपट्ट्यात उतरलं की तुडील लागतं. वर डोंगर, खाली खाडी आणि मधल्या जागेत भाताची खाचरं. उंचावरच्या वरकसात नाचणी आणि वरी. या बाजूच्या जुन्या घरांत माळ्यावर चढलात तर मोडका पाळणा, तांब्याचा बंब, फुटकी कणगी यांच्या गर्दीत एखादी पायली हमखास भेटते. मला माहीत असलेली पायली एका ओंडक्यातून कोरलेली आहे. तोंडाला एक आणि कमरेला एक अशी लोखंडी पट्टी. बाहेरून काळी, खरबरीत, पण आत हात घातला तर गुळगुळीत. दाणा घासून घासून लाकडाला अशी झिलई येते की पॉलिशवाल्यानं हात जोडावेत. तोंडाची कड मात्र एका बाजूला जास्त झिजलेली आहे. मोजणारा दर वेळी त्याच बाजूनं राशीत खुपसायचा आणि त्याच बाजूनं ओतायचा. बुडाशी कुणीतरी खिळ्यानं दोन रेघा ओढल्या आहेत. त्या कशाच्या, हे सांगणारं माणूस आता घरात उरलेलं नाही.

पायलीचं घराणं मोठं. कोळवं, चिपटं, मापटं, शेर ही धाकटी मंडळी. चार शेरांची पायली. तिच्यावर मण आणि वीस मणांची खंडी. मण आणि खंडी हे नुसते बोलण्यातले वडीलधारे, त्यांना कुणी हातात धरलेलं नाही. खंडीभर भात झालं म्हणायचं, पण ते होतं पायलीपायलीनंच. मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा. एवढ्यावरच थांबलं असतं तरी चाललं असतं, पण पायली स्वतःसुद्धा गावोगाव वेगळी. खाडीच्या एका गावची पायली घाटाखालच्या गावात गेली की लहान पडे आणि बाजारपेठेत गेली की मोठी. व्यापाऱ्याची वेगळी, घरची वेगळी. पायलीची सामसूम आणि चिपट्याची धामधूम असं आपण म्हणतो ते माणसांबद्दल, पण मूळ वस्तूलाही ते लागू आहे. चिपटं दिवसभर खणखणतं, शेजारीण उसनं मागायला आली की तेच पुढे. पायली वर्षातून चार दिवस बाहेर निघते, गप्प असते, आणि त्या चार दिवसांत घराचं वर्ष ठरवून जाते.

तिची मोजणी ऐकण्यासारखी. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही. ‘लाभ’ म्हणायचं. मुसलमान घरांतून ‘बरकत’ म्हणतात. मग दोन, तीन, चार. मोजणारा मध्येच कुणाशी बोलत नाही, आणि चुकू नये म्हणून तोच आकडा पुढची पायली भरेपर्यंत पुटपुटत राहतो. हे पाहताना हिशेबापेक्षा पूजेचाच भास जास्त होतो, आणि त्यामुळेच की काय, त्या वेळी शंका काढणं अभद्र समजत. ही सोय कुणाच्या पथ्यावर पडत होती ते पुढे कळेलच.

कारण माप म्हणजे भांडं नव्हे, माप म्हणजे हात. पायली तीच, पण शीग लावून भरली तर एक आणि तळहात फिरवून सपाट केली तर दुसरी. शीग म्हणजे काठाच्या वर उभा राहणारा ढीग. भात फुसफुशीत, तुसाचं. त्याची शीग चांगली चढते. उंचावरून ओतलं तर दाणा दडपून बसतो आणि जास्त मावतो. हलक्या हातानं सरकवलं तर पोकळ राहतो. भरताना पायलीला गुडघ्यानं एक हिसका दिला की दोन मुठी आणखी जातात. अंगठा आत ठेवून ओतलं की एक मूठ मागे राहते. घेणाऱ्याचा मापारी हिसका देई आणि देणाऱ्याचा अंगठा ठेवी. जुनी माणसं सांगत की काही घरांत पायल्याच दोन असत, एक घ्यायची आणि एक द्यायची. दिसायला जुळ्या बहिणी. मापात पाप ही म्हण कुणा कीर्तनकारानं बसून रचली असेल असं मला वाटत नाही. ती खळ्यावरच, उकिडवं बसलेल्या कुणाच्या तरी तोंडून निघाली असणार.

आता ती रास कुणाची, हे सांगायला हवं. रत्नागिरीत आणि जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या दक्षिण भागात पुष्कळ गावं खोतीची होती. महाड तालुका १८६० च्या दशकापर्यंत रत्नागिरीतच होता, नंतर कुलाब्याकडे आला, पण जिल्हा बदलला म्हणून खोत बदलला नाही. खोत म्हणजे गावचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी घेतलेला वंशपरंपरेचा मक्तेदार. सरकारला तो रोकड भरी आणि कुळांकडून धान्य घेई. भाताच्या जमिनीत अर्धेल, म्हणजे निम्मं पीक खोताचं. वरकसात बहुधा तिर्धेल, तिसरा हिस्सा. घेतलेलं धान्य आणि भरलेली रोकड यांच्यामधलं जे उरे तो खोताचा फायदा. तांदळाचा भाव चढला की फायदा आपोआप चढे, त्यासाठी खोताला ओसरीवरून उठावंसुद्धा लागत नसे. शिवाय वेठ. आठ दिवसांतला एक दिवस खोताच्या कामाला, नांगरणीच्या दिवसांत नांगरासकट. काही ठिकाणी कापणीच्या आधीच उभ्या पिकाकडे पाहून अंदाज बांधत, त्याला अभावणी म्हणत. बांधावर उभं राहून खोतानं म्हणायचं की या खाचरात आठ मण आहे, आणि मग पीक पाच मण निघो की सहा, देणं आठाच्या हिशेबानं. पायली तेव्हा खळ्यावर यायच्याही आधी खोताच्या डोळ्यांत भरलेली असे.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. खोत एकटा नसे. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन एका गावच्या खोतीत दहा-वीस वाटेकरी असत, कुणाचा चार आणे, कुणाचा दोन पै. वहिवाट पाळीनं चाले. यंदा या घराची, पुढच्या वर्षी त्या घराची. ज्याची पाळी तो वहिवाटदार खोत. वसुली तो करी, सरकारचा भरणा करी, आणि उरलेलं भागीदारांत ज्याच्या त्याच्या आण्याप्रमाणे वाटी. आजच्या भाषेत बोलायचं तर ही नोंदणी नसलेली कंपनी होती. भागधारक होते, व्यवस्थापक होता, वर्षअखेरीचा लाभांश होता. नांगर मात्र तिच्या मालमत्तेत नव्हता. नांगर कुळाचा, बैल कुळाचे, बी कुळाचं, पाऊस देवाचा. कंपनीची स्वतःची यंत्रसामग्री म्हणजे ही पायली.

ही तुलना मला सुचली ती एका फार लांबच्या मुलखाबद्दल वाचताना. आपली पायली कोकणात जोरात होती त्याच दिवसांत उत्तर अमेरिकेच्या गवताळ माळावर धान्य पिकवण्यासाठी खऱ्याखुऱ्या कंपन्या निघत होत्या. डोंगर नाही, झाड नाही, नजर पोचेल तिथपर्यंत सपाट काळी जमीन. १८७३ च्या मंदीत नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे कोसळली, तिचे रोखे कवडीमोल झाले, तेव्हा जॉर्ज कॅस आणि बेंजामिन चेनी यांनी रोख्यांच्या बदल्यात डाकोटातल्या जमिनी घेतल्या आणि ऑलिव्हर डॅलरिंपल नावाच्या गव्हाच्या जाणकाराला कामाला लावलं. हजारो एकरांचे तुकडे, पगारी मजूर, नांगरांच्या रांगा. वर्तमानपत्रांतून चित्रं छापून आली आणि पूर्वेकडच्या शहरांतले लोक रेल्वेनं ते शेत बघायला येऊ लागले.

सरहद्दीच्या वर कॅनडातही हे वारं गेलं. १८८२ मध्ये मेजर विल्यम बेल यानं इंडियन हेड या ठिकाणी ‘कपेल व्हॅली फार्मिंग कंपनी’ काढली. ५० हजार एकरांहून मोठा डाग. या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्या आदिवासी टोळ्यांना १८७४ च्या करारानं आधीच बाजूला सारलं होतं, म्हणून ती मोकळी दिसत होती. तास इतके लांब की सकाळी औत धरलेला माणूस दुसऱ्या टोकाला पोचून परतेपर्यंत दिवसाचा मोठा भाग जाई, असं सांगतात. घोड्यांसाठी दगडी गोल तबेला बांधला. तो पुढे मोडकळीला आला आणि आता पुन्हा उभारून ठेवला आहे. तुडीलच्या खाचरात बैलजोडी वळवायला सुद्धा कसरत, इथे बांध आणि तिथे बांध. त्या माळावर वळायचं कारणच नव्हतं. हा फरक नीट डोळ्यांपुढे आणा, कारण पुढची गंमत त्यातच आहे.

गंमत अशी की या कंपन्या बुडाल्या. बेलच्या शेतावर आधी थंडीनं कडाका दाखवला, मग दुष्काळ. १८८५ मध्ये मिश्र वंशाच्या मेटी लोकांचं आणि आदिवासींचं बंड झालं, तेव्हा कंपनीची घोडी आणि माणसं सैन्याचं सामान वाहायला गेली. पेरणीच्या दिवसांत जमिनी पडून राहिल्या. त्याच भागात एक शोध मात्र लागला: वर्षभर पडीक ठेवून नुसती नांगरलेली जमीन ओल धरते आणि पुढच्या कोरड्या वर्षी पीक देते. अँगस मॅके या शेतकऱ्यानं ही पद्धत पुढे नेली, आणि सरकारनं इंडियन हेडला प्रयोगशेत काढलं तेव्हा तोच त्याचा पहिला अधीक्षक झाला. बेलची कंपनी मात्र दहा वर्षंही धड चालली नाही. सर जॉन लिस्टर के नावाच्या इंग्रज सरदारानं त्याच दशकात रेल्वेच्या कडेनं दहा-दहा हजार एकरांची दहा शेतं मांडली. त्यालाही दोन-तीन वर्षांत पाय काढावा लागला. डाकोटातली अवाढव्य शेतं तुकडे तुकडे होऊन विकली गेली. १९१८ मध्ये टॉमस कॅम्पबेल यानं मॉर्गन बँकेच्या घराण्याचा पैसा घेऊन मॉन्टानात ट्रॅक्टरांची फौज उभी केली. दुष्काळानं भागीदारांचं मन उडालं. कॅम्पबेल टिकला तो भागीदारांचे हिस्से विकत घेऊन. १९२९ मध्ये रशियानं त्याला सल्ल्याला बोलावलं, एवढं त्याचं नाव. अगदी अलीकडे, २००९ मध्ये, ‘वन अर्थ फार्म्स’ नावाची कंपनी दहा लाख एकरांची स्वप्नं घेऊन कॅनडात उतरली आणि काही वर्षांतच धान्यशेतीतून बाहेर पडली.

का बुडाल्या? त्यांनी नांगर विकत घेतले म्हणून. घोडी, ट्रॅक्टर, बी, चारा, मजुरांचे पगार, व्याज. पीक हुकलं की हे सगळं डोक्यावर. शेजारचा एकटा शेतकरी त्या वर्षी बायकापोरांसह पोटाला चिमटा घेऊन राहतो, कंपनीला पोट नसतं आणि चिमटाही घेता येत नाही. आता आमचा खोत बघा. त्यानं नांगर घेतला नाही, बैल पोसले नाहीत, मजुराला पगार दिला नाही. पीक फार बुडालं तर त्याच्या वाट्याचं भात कमी येई हे खरं, आणि सरकारचा सारा त्याला चुकत नसे हेही खरं. पण तेवढा धक्का पचवायला त्याच्याकडे गेल्या वर्षीची कणगी असे, आणि कुळाकडे बहुधा नसे. मग तेच कुळ त्याच कणगीतलं भात आगोटीला सवाईनं, दिढीनं उचली आणि पुढच्या खळ्यावर पायलीच्या जागी सव्वा किंवा दीड पायली घाली. माझं स्पष्ट मत असं आहे की पेरणाऱ्या कंपन्या बुडाल्या आणि मोजणारी कंपनी शेकडो वर्षं चालली, यात मोजणाऱ्याची हुशारी फार नाही. जोखीम एकाच्या अंगावर आणि माप दुसऱ्याच्या हातात, एवढी मांडणी जमली की धंदा कोणताही असो, चालतो.

आणि त्या माळावरसुद्धा शेवटी भांडण लागलं ते मापावरूनच. कंपन्या गेल्या, त्यांच्या जागी घरटी शेतकरी आले. गहू मात्र विकायचा तर रेल्वे स्टेशनाजवळच्या उंच लाकडी कोठारात न्यावा लागे. तिथे तो बुशेलच्या हिशेबानं घेत. बुशेल ही आपल्या पायलीची थोरली मावसबहीण, मुळात तीही भांडंच, पुढे गव्हाच्या बाबतीत ६० पौंडांना बुशेल म्हणू लागले. कोठारवाला वजन कमी लावी, कचरा म्हणून कापून घेई, प्रत खालची ठरवी. डबा मागून गहू थेट भरावा म्हटलं तर रेल्वे आधी कोठारवाल्याला डबे देई. १९०१ मध्ये पीक उदंड आलं, डबे पुरेनात आणि गहू जागेवर कुजायला लागला. त्या डिसेंबरात शेतकऱ्यांनी सभा घेऊन आपली संघटना काढली, तीही नेमकी इंडियन हेडला, म्हणजे बेलची कंपनी जिथे मेली त्याच गावी. पुढच्या वर्षी शेजारच्या सिंटालुटा स्टेशनच्या रेल्वे एजंटावर डबेवाटपाचा नियम मोडल्याबद्दल खटला झाला आणि शेतकरी जिंकले. १९०६ मध्ये त्यांनी स्वतःची धान्य कंपनी काढली, आणि १९२३-२४ मध्ये तीन प्रांतांत गव्हाचे सहकारी संघ. पन्नास हजार एकरांच्या मालकाला जे जमलं नव्हतं ते माप आपल्या हातात घेतलेल्या लहान शेतकऱ्यांना जमलं.

इकडे कोकणात कुळांची तक्रार जुनीच होती, फक्त ती ऐकायला स्टेशन नव्हतं. १८८० मध्ये खोतीचा कायदा झाला, पण त्यानं खोत गेला नाही, त्याचे हक्क कागदावर आले. लोकमान्यांनी खोतांची बाजू घेतली होती, हे इथे सांगून टाकतो. ते स्वतः चिखलगावच्या खोत घराण्यातले. मोठ्या माणसाचीही पायली त्याच्या घरच्या मापाची असते. १९३३ मध्ये अलिबागजवळ चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली संप केला. जमीन कसायचीच नाही. १९३९ पर्यंत तो चालला. खळ्यात रास नाही, तर पायली कशावर बसणार? इतका सरळ विचार त्याआधी कुणी सहा वर्षं अमलात आणलेला नव्हता. त्या काळात लोकांनी जंगलातली लाकडं विकून, मासळी धरून पोटं भरली.

महाडचं नाव या गोष्टीत येतंच येतं. १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत आहे. त्या वेळी महाड नगरपालिकेचे अध्यक्ष असलेले सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले. तुडीलच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव, तेव्हा खोत म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं. १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. कोकणातून बोटींनी माणसं गेली, बरीचशी आयुष्यात पहिल्यांदा. विधेयक तेव्हा पास झालं नाही. खोती बंद करणारा कायदा आला १९४९ चा, लागू झाला मे १९५० मध्ये. त्यानंतर कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारा कागदोपत्री मालक झाला.

पायलीचं काय झालं? तिच्यावर कुणी खटला भरला नाही. खोताच्या ओसरीवरून उतरून ती कुळाच्या घरात आली, हे एक. आणि तिथे ती शुद्ध झाली असं सांगितलं तर ते खोटं होईल. लावणीला आलेल्या बाईची मजुरी भातात द्यायची तेव्हा पूर्वी कुळ असलेल्या आणि आता मालक झालेल्या घरातही तळहात पायलीवरून फिरायचाच. मजूर कातकरी असला तर जरा जोरातच फिरायचा. दोन पायल्यांची ठरलेली मजुरी हातात पडेपर्यंत दीड व्हायची आणि मागणारीनं तोंड उघडलं की ‘एवढ्यातेवढ्यासाठी काय’ असं उत्तर. आपल्यावर झालेला हिसका माणूस विसरत नाही, फक्त तो दुसऱ्यावर करून बघतो.

मग दशमान आलं. १९५६ चा कायदा, आणि १९६२ पर्यंत किलो-ग्रॅम देशभर सक्तीचे. वजनमापे खात्याचे लोक बाजारात फिरू लागले, जुनी मापं जप्त होऊ लागली. लाकडी पायलीनं दुकान सोडलं. पत्र्याची एक बहीण काही दिवस तग धरून राहिली. घरात मात्र पायली अजून चालते. गावाकडची बाई मुंबईच्या लेकीला तांदूळ पाठवते तेव्हा फोनवर किलो सांगते आणि भरते पायलीनं. लग्नात किती लागतील याचा अंदाज आचारी पायलीत विचारतो.

खाडीपट्ट्यातली खाचरं आता सगळी लावली जात नाहीत. पोरं मुंबईला, आखातात, महाडच्या औद्योगिक वसाहतीत. जी लावली जातात त्यांतलं भात सरकारी हमीभाव केंद्रावर जातं. तिथे इलेक्ट्रॉनिक काटा आहे, आणि काट्याच्या आधी ओल मोजणारं लहानसं यंत्र. १७ टक्क्यांच्या वर ओल निघाली तर माल परत. परतीच्या पावसात भिजलेलं भात उन्हाला घालून पुन्हा टेम्पो करून न्यायचं. यंत्र खोटं बोलत नाही, हे कबूल. पण ते कुणाच्या हातात आहे आणि आकडा वाचून कोण सांगतो, हा प्रश्न लाकडी पायलीइतकाच जुना आहे. महाडच्या किराणा दुकानात मसूर आणि मिसळीचा वाटाणा घ्यायला गेलात तर त्यातला बराच माल कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातून आलेला असण्याचा संभव आहे. इंडियन हेड त्याच प्रांतात. बेलची कंपनी राहिली नाही, पण त्या माळावरचं कडधान्य पोत्यातून आमच्यापर्यंत आलं, आणि मापट्यानं मोजून वाटाणा घेणारी म्हातारी अजूनही दुकानदाराला शीग लावायला लावते.

पायलीला देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांतला मी नाही. हल्ली होमस्टेवाले तिच्यात कृत्रिम फुलं खोचून ओसरीवर ठेवतात, तेही मला पटत नाही. ज्या भांड्यानं इतक्या घरांचं अर्धं पीक नेलं त्याला फुलदाणी करणं म्हणजे इतिहासाची थट्टाच. पण भंगारात देऊ नका. तुमच्या माळ्यावर असेल तर खाली काढा, पुसा, आणि काठोकाठ कोरडे तांदूळ भरून, तळहात फिरवून, ते लिटरच्या मापानं मोजा. आकडा, गावाचं नाव आणि ती मूळ खोताच्या घरची की कुळाच्या घरची, हे तिच्या बुडावर रंगानं लिहून ठेवा. शेजारच्या गावातल्या दोन-तीन पायल्या अशा मोजून झाल्या की आकडे एकमेकांशेजारी मांडून बघा. कोणाची पायली मोठी होती, ते तुमचं तुम्हालाच कळेल.